कर्नल साइक्स यांची वही आणि आपली गावे

भीमाशंकरच्या दाट झाडीत उंच फांद्यांवरून झेपावणारे शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात तो पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या ओळखीचा. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले, ते प्रामुख्याने त्याच्या रक्षणासाठी. मात्र प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत भीमाशंकरच्या शेकरूला लावले जाणारे नाव पाहिले की मराठी वाचक क्षणभर थबकतो. ते नाव आहे 'रातुफा इंडिका एल्फिन्स्टोनी'. पेशवाईच्या अस्ताच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याच्या नावात कायमचा जाऊन बसला आहे.

१८३१ मध्ये हे नामकरण करणारा मनुष्य प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होता. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. खडकीच्या रणांगणावर पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या या अधिकाऱ्याने पुढे दख्खनची खानेसुमारी केली, जमिनीच्या हक्कांचा अभ्यास केला, पशू, पक्षी व मासे यांच्या याद्या केल्या, नाणेघाटातील लेखाची नक्कल उतरून घेतली आणि अखेरीस तो कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याच्या आयुष्याचा हा आलेख नीट पाहिला, तर परकीय सत्ता या देशात कशी रुजली याचे उत्तर तर मिळतेच. शिवाय स्वतंत्र देशातील गावांनी आज काय करायला हवे, याचेही उत्तर हाती लागते.

सैनिकी चढण

साइक्स यांचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या लष्करी सेवेत रुजू झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक याने भरतपूरला घातलेल्या वेढ्यात ते हजर होते. जाट वीरांनी तो वेढा यशस्वी होऊ दिला नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पराभवाने ज्याच्या नोकरीचा प्रारंभ झाला, त्या तरुणाने पुढची काही वर्षे कशात घालवली? १८१० मध्ये त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन भाषांत दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण केली. पेशव्यांशी युद्ध व्हायला तेव्हा अजून सात वर्षे होती. ज्या मुलखाशी उद्या लढायचे आहे त्या मुलखाची भाषा अगोदर शिकून ठेवायची, हा या माणसाचा आणि त्याच्या सत्तेचाही स्वभाव होता.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. बापू गोखले यांनी पराक्रमाची शर्थ केली. पण दिवस पेशव्यांचा नव्हता. त्याच महिन्याच्या मध्यास येरवड्याजवळ दुसरी लढाई होऊन पुणे इंग्रजांच्या हाती गेले. या दोन्ही लढायांत साइक्स यांच्या हाताखाली होत्या त्या देशी पलटणी. या भूमीतील माणसे परक्याच्या शिस्तीखाली उभी राहून आपल्याच राज्याविरुद्ध लढली, ही वेदना मराठी मनाला आजही टोचते. पुढील वर्षी, १८१८ मध्ये, मेजर एल्ड्रिज याच्या फौजेने जुन्नर परिसरातील किल्ले घेतले. शिवजन्माने पावन झालेल्या शिवनेरीवरून आणि नाणेघाटाची राखण करणाऱ्या जीवधनावरून भगवा उतरला.

तोफेनंतर वही

तोफांचे काम येथे संपले. सामान्य विजेता असता तर खंडणी मोजून स्वस्थ बसला असता. कंपनीचे राज्यकर्ते तसे बसले नाहीत. ऑक्टोबर १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन याने साइक्स यांची मुंबई सरकारचे 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून नेमणूक केली. जिंकलेल्या दख्खनमध्ये माणसे किती, गुरे किती, कोणती जमीन कोणाच्या वहिवाटीची, कोणते पीक कोठे येते, पाऊस किती पडतो, हवेचा दाब दिवसभरात कसा चढतो-उतरतो, रानात काय आहे आणि नदीत काय आहे, हे सारे नोंदवण्याचे हे काम. कॅप्टनच्या हातातील तलवारीची जागा वहीने आणि वायुभारमापकाने घेतली.

हे काम त्यांनी किती निष्ठेने केले, हे एका गोष्टीवरून दिसते. १८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीसाठी ते पदच रद्द केले. तरीही साइक्स यांनी काम अर्धवट टाकले नाही. आपले अहवाल पूर्ण करून १८३१ च्या आरंभी ते सरकारला सादर केले आणि मगच मायदेशाची वाट धरली. १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८३४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत स्थान, १८४० मध्ये कंपनीचे संचालकपद, १८५६ मध्ये संचालक मंडळाचे अध्यक्षपद आणि १८५७ पासून १८७२ मधील मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे पार्लमेंट सदस्यत्व, अशी ही पुढची चढती कमान. रणांगणावरील शौर्याने कंपनीचे अध्यक्षपद मिळाले असते का? फारसा संभव नाही. दख्खनच्या खेड्यांतून भरलेल्या वह्यांनी त्यांना तेथवर नेले.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. नोंद ठेवण्याची कला इंग्रजांनी येथे आणली, असा समज इंग्रजी शिक्षणाने पसरवला. वस्तुस्थिती वेगळी आहे. मराठ्यांच्या राज्यात गावचा कुळकर्णी दप्तर सांभाळत होता, परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवत होता आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात राज्याचा बारीकसारीक जमाखर्च बांधलेला होता. जुन्नरचा हातकागद तर त्या काळी प्रसिद्धच होता. साइक्स यांनी दख्खनच्या जमीनधाऱ्यावर जो निबंध लिहिला, त्यात गावातील जमिनीचे थळवार विभाग, मिरासदार घराणी आणि वंश संपल्यामुळे 'गतकुळ' झालेल्या जमिनी यांचे तपशील आहेत. हे तपशील विलायतेहून आले नव्हते. ते गावच्या चावडीवर होते, कुळकर्ण्याच्या बस्त्यात होते आणि पाटलाच्या तोंडी होते. साइक्स यांनी ते एकत्र केले, इंग्रजीत मांडले आणि त्यावर आपले नाव घातले.

नाणेघाटातील अक्षरे

१८२८ च्या उन्हाळ्यात भटकंती करताना साइक्स नाणेघाटात पोहोचले. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यावर, कोकणातून वर येणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या माथ्याशी असलेली ही लेणी स्थानिकांना अर्थातच ठाऊक होती. भिंतींवर कोरलेली अक्षरे मात्र कोणाला वाचता येत नव्हती. साइक्स यांनाही नाही. तरी त्यांनी त्या अक्षरांची हाताने नक्कल केली. जुन्नर परिसरातील लेण्यांतील इतर लेखांच्याही नकला त्यांनी घेतल्या. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा पश्चिम भारतातील अशा नकला अभ्यासकांच्या हाती तयार होत्या.

साइक्स यांनी हे लेख बौद्ध समजून प्रसिद्ध केले. लेख वाचला गेला तेव्हा निघाले ते निराळेच. नाणेघाटातील तो दीर्घ लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घराण्याचा आहे. त्याचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने होतो. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची यादी येते. या यादीतील संख्यांची चिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासातील अत्यंत प्राचीन पुराव्यांपैकी आहेत. जगाला अंक देणाऱ्या परंपरेचा एवढा जुना लेखी पुरावा जुन्नर तालुक्यातील एका घाटात असावा, ही साधी गोष्ट नव्हे. नागनिकेचे हे धन कड्यावर दोन हजार वर्षे तसेच उभे होते. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ते वाचण्याची विद्या मध्यंतरी कोठेतरी हरवली होती.

ही विद्या परत मिळवण्यात भारतीय मागे राहिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी हे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात घडलेले अभ्यासक. त्यांनी नाणेघाटातील लेख आणि अंक यांचे वाचन दुरुस्त केले. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासह पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या लेखांवर अधिकारवाणीने लिहिले. कर्नलची नक्कल हा प्रारंभ होता. अर्थ लावला तो येथील विद्वानांनी.

परंतु कर्नलला दिले जाणारे श्रेय तरी नीट तपासले जाते का? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे, म्हणजे 'इंद्रवज्रा'चे, वर्णन साइक्स यांनी केले आहे. डोंगरवाटांवरच्या पुस्तकांत आणि माहितीफलकांवर 'कर्नल साइक्स यांना १८३५ मध्ये इंद्रवज्र दिसले' असे वाक्य वर्षानुवर्षे छापले जाते. १८३५ हे त्यांचा हवामानविषयक निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्याचे वर्ष आहे. त्यापूर्वी चार वर्षे ते हिंदुस्थान सोडून गेले होते. एकाने लिहिले आणि दहा जणांनी उतरवून घेतले. ज्या माणसाने दिवसातून अनेकदा वायुभारमापक वाचला, त्याच्याबद्दलची माहिती तरी त्याच्यासारखी तपासून लिहावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

नावे कोणाची?

साइक्स यांच्या प्राणिसृष्टीच्या याद्यांकडे वळले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ ची, पक्ष्यांची १८३२ ची, माशांची १८३९ ची. शास्त्राला अज्ञात असलेल्या अनेक जातींचे वर्णन त्यांनी प्रथम केले. शेताच्या बांधावर आणि पाणथळीत सर्वत्र दिसणारा वंचक, म्हणजे ढोकरी, याचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांचेच. नामकरण करताना मात्र मान कोणाला मिळाला? शेकरूला एल्फिन्स्टनचे नाव. सह्याद्रीच्या सदाहरित रानातील एका देखण्या पारव्यालाही एल्फिन्स्टनचेच नाव. माळरानावर थव्याने कलकलाट करणाऱ्या मोठ्या सातभाईला सर जॉन माल्कमचे नाव. हा माल्कम म्हणजे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला. ज्यांनी राज्य घेतले त्यांची नावे रानातल्या जिवांवर चढली.

माशांच्या बाबतीत चित्र बदलते. पुण्याच्या नद्यांतील एका मोठ्या माशाला साइक्स यांनी 'खुद्री' असे नाव दिले. आजही शास्त्रात तो 'टॉर खुद्री' आहे. दुसरा 'सिंघाला', म्हणजे आपला शिंघाळा. तिसरा 'सांडखोल'. ही नावे गव्हर्नरची नाहीत. ती काठावर जाळे टाकणाऱ्यांच्या तोंडची आहेत. जगातील कोणत्याही विद्यापीठात या माशांचा उल्लेख झाला की मराठी मासेमाराने दिलेला शब्द उच्चारला जातो. पशूंच्या यादीतही साइक्स यांनी मराठी नावे नोंदवली आहेत. रानकुत्र्याला येथे कोळसून म्हणतात, हे त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे नावे सांगणारा कोणीतरी होता. रानात पुढे चालणारा, हे खोकड आणि ते उदमांजर असे दाखवणारा, जाळ्यातला मासा हातात देऊन त्याचे नाव सांगणारा. त्याचे स्वतःचे नाव मात्र त्या नामावलीत कोठेच नाही.

त्याच डोंगरांत, त्याच वर्षांत आणखी काही घडत होते. १८२८ च्या सुमारास महादेव कोळ्यांचा असंतोष भडकला आणि रामजी भांगरे यांच्या पुढाकाराने उठाव झाला. पुढे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सत्तेला आणि सावकारी जुलमाला आव्हान दिले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी झाली. या उठावांचा बंदोबस्त करण्यासाठी पाठवलेला कॅप्टन मॅकिंटॉश हाच महादेव कोळी समाजावर पहिला विस्तृत निबंध लिहून गेला. ज्यांच्यावर बंदूक रोखायची त्यांच्या चालीरीती, कुळे आणि दैवते आधी समजून घ्यायची, ही तीच पद्धत. साइक्स आणि मॅकिंटॉश यांच्या लेखनाला विद्वत्तेचे मोल आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती विद्वत्ता राज्याच्या गरजेतून जन्मली होती आणि राज्याच्याच उपयोगी पडली, हेही विसरण्याचे कारण नाही.

नाव बदलून भागणार नाही

अशी हकीकत वाचली की स्वाभिमानी मनात पहिली प्रतिक्रिया उमटते, ती नामांतराची. राज्यप्राण्याच्या नावातून एल्फिन्स्टनला काढा, असे कोणी म्हणाले तर त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु शास्त्रीय नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम अग्रक्रमाचे आहेत. ज्याने प्रथम रीतसर वर्णन प्रसिद्ध केले, त्याने दिलेले नाव टिकते. ते निवेदनाने बदलत नाही आणि मोर्चानेही बदलत नाही. या नियमात एक कठोर शिकवण आहे. ज्याने आधी नोंद केली, तो नाव देऊन गेला. हजार वर्षे शेकरू पाहणारे मागे राहिले. सहा-सात वर्षे वही घेऊन हिंडणारा पुढे गेला.

या भूमीत अशी नोंद कोणीच केली नव्हती, असेही नाही. हंसदेव या जैन पंडिताने संस्कृतात 'मृगपक्षिशास्त्र' रचले, ते साइक्स यांच्या कित्येक शतके आधी. तो ग्रंथ मराठीत आणण्यात ज्यांचा वाटा आहे, ते पद्मश्री मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) आयुष्यभर रानात राहिले, आदिवासींच्या तोंडची नावे त्यांनी वेचली आणि मराठीला 'पक्षिकोश' दिला. एका वनाधिकाऱ्याने एवढे केले. पण चितमपल्ली एखादेच निपजतात. गावे मात्र हजारो आहेत.

आता लेखणी गावाच्या हाती

स्वतंत्र भारताच्या संसदेने २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. या कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करायची आहे. गावाच्या हद्दीतील झाडे, पिकांचे वाण, पशू, पक्षी, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान, हे सारे त्या वहीत यायचे आहे. स्थानिक जैवसंपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांकडून गावाला लाभाचा वाटा मिळावा, अशीही कायद्यात तरतूद आहे. एल्फिन्स्टन याने साइक्स यांच्याकडे सोपवलेले काम भारताच्या संसदेने ग्रामपंचायतीकडे सोपवले आहे. आता मालकही गाव आणि लेखकही गाव. असा अधिकार कंपनीच्या राज्यात स्वप्नातही आला नसता.

या अधिकाराचे पुढे काय झाले? कायदा झाल्यानंतर सतरा वर्षांनी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालावी लागली आणि त्यानंतर महिन्याला दहा लाख रुपये दंडाची तंबी द्यावी लागली. मग देशभर धावपळ उडाली. ज्या नोंदवह्या वर्ष-दोन वर्षे रानात हिंडून, वृद्धांशी बोलून, ऋतुमानाप्रमाणे भरायच्या, त्या अनेक ठिकाणी मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या. गावच्या ज्ञानाची वही गावाने न लिहिता कंत्राटाने लिहून घेतली जाणार असेल, तर साइक्स यांच्या काळात आणि आजच्या काळात फरक तो काय राहिला? उलट साइक्स निदान स्वतः डोंगर चढले होते.

जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांचा मोठा आधार म्हणजे हिरडा. कोणते झाड कधी बहरते, बाळहिरडा कोणत्या दिवसांत वेचायचा, कसा वाळवायचा, हे ज्ञान त्या कुटुंबांजवळ आहे. ते गावाच्या वहीत गावाच्या नावाने नोंदले गेले, तर लाभाच्या वाट्यावर हक्क सांगायला आधार उरतो. ते न नोंदले गेले, तर उद्या दुसरा कोणीतरी ते लिहील आणि त्यावर स्वतःचे नाव घालील. शेकरूची गोष्ट हेच सांगते.

नोंदीवर माणसांचे प्राणही अवलंबून असतात. साइक्स यांनी १८२५ ते १८२९ या पाच वर्षांत १०३२ वाघ मारले गेल्याचा सरकारी आकडा नोंदवला आहे. दख्खनचे वाघ अशा रीतीने संपले. आज जुन्नरच्या उसात बिबटे आहेत, आणि त्यांच्या हल्ल्यांत गेलेल्या लेकरांचे दुःख या तालुक्याला ठाऊक आहे. २००१ च्या सुमारास पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडण्याचा मार्ग अवलंबला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातील नोंदी तपासल्या, तेव्हा या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले उलट वाढल्याचे दिसून आले. हल्ला कोठे झाला, केव्हा झाला, कोणता बिबट्या कोठे सोडला, हे लिहून ठेवलेले होते म्हणून चूक कळली. प्रत्येक गावाने बिबट्याचा वावर, ऊसतोडीचे दिवस, पशुधनाचे नुकसान यांची स्वतःची नोंद ठेवली, तर वनखात्याशी बोलताना ग्रामस्थांच्या हाती संतापाबरोबर पुरावाही असेल.

आणि जी गावेच उरली नाहीत त्यांचे काय? ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे, ते उचितच आहे. पण पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावे, थळांची नावे, विहिरींची आणि डोहांची नावे कोणी लिहून ठेवली? ज्यांना ती पाठ होती ती पिढी मावळत चालली आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्याबरोबर त्या डोंगराच्या झऱ्यांची, उतारांची आणि वाटांची किती माहिती गेली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम

२०१८ मध्ये जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट यांच्याकडे पर्यटकांचा ओघ वाढला. येणाऱ्याला नागनिकेच्या लेखाचा अर्थ आणि त्यातील अंकांचे महत्त्व सांगू शकणारे किती तरुण तालुक्यात तयार आहेत? शाळेच्या सहलीत घाटाचा फोटो काढून परतणाऱ्या मुलाला ब्राह्मीतील स्वतःचे नाव लिहिता आले, तर नाणेघाट त्याला आपला वाटेल. ब्राह्मी शिकायला महिनाभराचा अभ्यास पुरतो. एखादा शिक्षक आणि पाच-दहा उत्साही विद्यार्थी एवढ्या बळावर हे कोणत्याही गावात सुरू होऊ शकते.

समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला येथे करण्यासारखे काही आहे. आपल्या ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही मागून घ्यावी, वाचावी. तिच्यात चुका असतील तर ग्रामसभेत दाखवाव्यात, आणि उणे असेल ते वृद्धांना विचारून भरावे. सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, नोंदीपुढे अवश्य लिहावे. साइक्स यांच्या यादीत जे राहून गेले, ते या वहीत राहू नये. पुण्या-मुंबईच्या नोकरीत असलेल्या जुन्नर-आंबेगावकर कुटुंबांनी सुटीत गावी गेल्यावर आजी-आजोबांकडून शेतांची, झाडांची, पाखरांची नावे मुलांना लिहून घ्यायला सांगावीत. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही. पेन, वही आणि थोडा वेळ लागतो.

कर्नल साइक्स यांची पूजा करण्याचे कारण नाही आणि त्यांना शिव्याशाप देऊनही काही साधणार नाही. ते शत्रुपक्षाचे सैनिक होते, आणि शत्रूचा गुण ओळखून तो आत्मसात करणे ही छत्रपतींच्या परंपरेतीलच रीत आहे. परक्या मुलखात, परकी भाषा शिकून, पद रद्द झाल्यानंतरही त्यांनी हाती घेतलेली वही पुरी केली. जुन्नर आणि आंबेगावच्या गावांना तर भाषा शिकावी लागणार नाही. डोंगर त्यांचे, भाषा त्यांची, कायद्याने दिलेली वहीही त्यांचीच. ती अर्धी कोरी राहिली, तर दोष यापुढे कोणत्याही कर्नलकडे जाणार नाही.